वेदीखालचे बेडूक

“विहिरीत ज्या मुली टाकायचे त्या खरंच सुंदर असायच्या, की जिच्याशी कुणी लग्न केलं नसतं अशीच बघून काढायचे?”

प्रश्न माझा नव्हे, आरालीचा. पण विचारायचा मी, असं शाळेच्या गाडीत मागच्या बाकावर ठरलं होतं. विचारला नाही तर आठवडाभर आरालीचं दप्तर मी वाहायचं. विचारला तर आरालीने सगळ्या वर्गासमोर कबूल करायचं की राजकन्या म्हणून सेल्मी कानुलची, म्हणजे माझी, निवड बरोबर होती.

“आणि हळू आवाजात विचारलेलं धरणार नाही,” आराली म्हणाली.

“माझा आवाज हळू असतो कधी?” मी म्हणाले.

“आता नसतो,” गेनी म्हणाली. गेनी माझी खरी मैत्रीण, म्हणून तीच जास्त टोचून बोलते. “गेल्या वर्षी हिला बाथरूमला जायचं असलं तरी मी बाईंना विचारायचे.”

ते खरं आहे. पण पावसाळा संपता संपता मी गावच्या विहिरीत वरच्या कड्यावरून उडी मारली, जिथून तोवर फक्त मुलगे मारायचे, आणि पाण्यातून वर आले ती वेगळीच होऊन आले. तेव्हापासून मला सगळं जमेल असं वाटतं. तोंडी परीक्षा, नाच, आरालीला उत्तर देणं, सगळं.

त्या उडीमुळेच मला राजकन्या मिळाली. वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात तेव्हा आमच्याकडे बाहेरची माणसं बसा भरभरून येतात. सकाळी ती जुन्या गावात जातात. रानातली दगडी देवळं, चेंडूचं मैदान आणि पवित्र विहीर, या सगळ्याला आम्ही नुसतं जुनं गाव म्हणतो. पवित्र विहिरीत उतरायला बंदी आहे, म्हणून दुपारचा खेळ आमच्या साध्या विहिरीवर होतो, जिथे आम्ही एरवी पोहतो. खेळात राजकन्या पांढरा झगा घालून, केसांत फुलं माळून काठावर येते. पुजारी तिच्या पाठीवर हात ठेवतो, शंख वाजतो आणि राजकन्या पावसासाठी पाण्यात जाते. मग ती खडकामागच्या शिडीवरून चढून वर येते आणि लिंबाचं सरबत पिते, पण ते पाहुण्यांना दिसत नाही.

पुजारी माझे बाबा. एरवी ते पाव भाजतात. म्हणजे यंदा मला माझे बाबाच विहिरीत घालणार, यावर गावातल्या प्रत्येकाने एकेक विनोद करून झाला होता. पावाच्या गाडीवर गिऱ्हाइकं विचारायची, “काय विल्बेर्त, पोरगी फार बोलते म्हणून का?” आणि बाबा म्हणायचे, “नाही हो, फार खाते.”

आईही तिच्या वेळेला राजकन्या होती. तिचा तो फोटो आमच्याकडे देवाच्या तसबिरीशेजारी आहे. तिचा झगा माझ्या मापाचा करायला घेतला होता, गळ्याभोवतीची लाल फुलं आई नव्याने भरत होती. हे सगळं सांगते कारण गाडीतून उतरताना मी कुठल्या तोऱ्यात होते ते कळावं.

जुन्या गावात आम्ही इतक्या वेळा गेलोय की कुणी वर मान करून देवळाकडे बघत नाही. घोरपडी आमच्याकडे बघतात, आम्ही मोबाइलकडे. पण या वेळी आम्हाला थेट पवित्र विहिरीपाशी नेलं, पांढऱ्या रस्त्याने, अगदी टोकापर्यंत. तिथे तळातल्या जुन्या वस्तू काढणाऱ्या पाणबुड्यांचं काम नुकतंच संपलं होतं आणि झाडांखाली कापडी मांडव घातला होता.

विहीर तशीच होती, मोठी, गोल, कडा सरळ खाली गेलेल्या आणि तळाशी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं पाणी. कड्यातल्या भोकांतून लांब शेपटीचे तोह पक्षी ये-जा करत होते. आराली रेलिंगला टेकून म्हणाली, “राजकन्ये, इथून मारशील का?”

“ढकलणारा चांगला असेल तर,” मी म्हणाले, आणि सगळे हसले.

मांडवात एक बाई पांढरे हातमोजे घालून उभ्या होत्या. डॉक्टर रुबी त्सेक. मला वाटलं होतं की राजधानीतली कुणी गोरीपान बाई असेल, पण त्या आमच्यासारख्याच होत्या, बुटक्या, काळ्या केसांच्या, आणि बोलताना मधेच आमची माया भाषा घालत होत्या. बारा वर्षं या विहिरीत उतरत होत्या. त्यांनी हिरव्या दगडाचे मणी दाखवले, तांब्याची घंटी दाखवली, धूप जाळायची वाटी दाखवली. मग आमच्या मिर्ना बाई म्हणाल्या, “कुणाला काही विचारायचंय?”

गेनीने मला कोपराने ढोसलं. मी हात वर केला आणि विचारलं. मोठ्याने. एक शब्द गाळला नाही.

मुलगे फिस्सकन हसले. मिर्ना बाईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर त्सेक मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, “मुली टाकायचे हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे,” मी म्हणाले. “यंदा मीच आहे ती.”

“कोण?”

“राजकन्या. आमच्या खेळात.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मागच्या टेबलावरचा एक ट्रे पुढे घेतला आणि त्यावरचं कापड काढलं.

आत एक जबड्याचं हाड होतं, चहासारख्या रंगाचं. माझ्या तळहातात मावलं असतं. मला वाटलं माकडाचं आहे.

“हा दात बघ. पुढचा पडलाय, आणि खालून नवा वर येतोय. दिसतंय टोक?”

दिसत होतं. तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक. मला ते टोक ओळखीचं होतं. गेला आठवडाभर रोज सकाळी माझा भाऊ योवानी माझ्या तोंडासमोर तोंड उघडून म्हणतोय, आला का बघ, किती आला बघ. योवानी सहा वर्षांचा आहे.

“हे तर बाळ आहे,” गेनी म्हणाली.

“बाळ नाही. सहा वर्षांचा असेल. मुलगा.”

“मुलगा हे कसं कळलं?” मिर्ना बाईंनी विचारलं.

“इतक्या लहानाचं नुसतं हाड बघून सांगता येत नाही. हाडाच्या आतला अंश काढून प्रयोगशाळेत तपासतात. आम्ही जेवढे तपासले त्यांत बरेचसे असेच निघाले. लहान मुलगे. काही मुलीही आहेत, काही मोठी माणसं आहेत.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पण तुझी ती राजकन्या मला अजून खाली भेटलेली नाही. ती गोष्ट फार नंतर, बाहेरून आलेल्या लोकांना आवडली म्हणून मोठी झाली.”

मागे कुठेतरी तोह ओरडला.

माझा प्रश्न झाला होता, पैज जिंकली होती, खाली बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, “कुणाची मुलं?”

“म्हणजे?”

“पकडून आणलेली का? शत्रूची?”

“काही लांबून आणलेली असतील. सगळ्यांचं मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी सांगत नाही. पण दोन जण असे मिळालेत की ते सख्खे भाऊ होते. पोटभर खाऊन वाढलेले, एकाच घरातलं जेवण जेवलेले.” त्यांनी ट्रेवर कापड पुन्हा घातलं, कडा नीट दाबल्या, थंडी वाजू नये म्हणून घालतात तसं. “म्हणजे कुठल्यातरी घरातून कुणीतरी त्यांचा हात धरून या रस्त्याने आणलं असणार. पाऊस न आल्याने घाबरलेलं कुणीतरी.”

मी त्या पांढऱ्या रस्त्याकडे वळून बघितलं. त्याच रस्त्याने आम्ही आत्ता केळ्याचे चिप्स खात आलो होतो.

परतीच्या गाडीत आराली म्हणाली, “बरं, कबूल करते. निवड बरोबर होती.” मी खिडकीला डोकं टेकवून बाहेरचा रस्ता बघत राहिले. “अगं, कबूल केलं ना?” ती म्हणाली. मग गेनीला म्हणाली, “हिला काय झालं?” गेनी म्हणाली, “गप बस जरा, आराली.” गेनीने आरालीला गप्प केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, पण त्याचीही मजा वाटली नाही.

त्याच दुपारी खेळाची तालीम होती. घरी न जाता, गणवेशातच मी विहिरीवर गेले. वाटलं, पाण्यात पडले की डोकं निवेल.

आरालीसकट अर्धं गाव तालीम बघायला जमलं होतं. वेदी बांधून तयार होती, चार काठ्यांवर फांद्या आणि पानं अंथरलेली. आणि तिच्याखाली चार बेडूक.

बेडकांचं सांगायचं राहिलं. मळ्यात पाऊस मागायचा विधी करतात तेव्हा अशीच वेदी बांधतात आणि तिच्या चार पायांशी चार लहान मुलांना वेलीने बांधून बसवतात. ती बेडकांसारखी ओरडतात, म्हणजे पावसाला कळतं की खाली वाट बघतायत. बायकांना तिथे जाता येत नाही, पण व्वो, व्वो, व्वो असं ओरडणं वाऱ्याबरोबर घरापर्यंत येतं, आणि आम्ही स्वयंपाकघरात हसतो. विधी झाला की पोरांना सोडतात, त्यांना मधाची पेज मिळते, ती पेज ती अंगभर सांडून घरी येतात. त्यात भिण्यासारखं काही नाही. आमच्या गावातला प्रत्येक पुरुष कधीतरी बेडूक होता.

खेळात हे बेडूक बाबांनी आणले, दोन वर्षांपूर्वी. राजकन्या यायच्या आधी पाहुणे कंटाळतात, उन्हाने उठून जातात, म्हणून. बेडूक आल्यापासून कुणी उठत नाही. सगळे आधी बेडकांचे फोटो काढतात, मग राजकन्या येते, आणि बेडकांकडे कुणी बघत नाही.

यंदा एक बेडूक योवानी होता.

“सेल्मी, उशीर,” बाबा म्हणाले. भट्टीवरून थेट आले होते, कोपरापर्यंत पीठ, डोक्यावर वाघाचा मुखवटा वर सरकवलेला. “चल, उभी राहा. गणवेशातच करू, उडीसकट.”

मी काठावर उभी राहिले. खाली निळं पाणी, माझ्या ओळखीचं, एकेक दगड माहीत असलेलं. ढोल वाजायला लागला. बेडूक ओरडायला लागले. बाबांनी मुखवटा खाली ओढला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

हा हात मी लहानपणापासून ओळखते. ताप आला की हाच असतो. सायकल शिकवताना हाच होता. त्या हाताने मला कधी काही केलेलं नाही. पण मी उभी राहिले आणि मला एकदम कळेना की तो मला धरतोय की ढकलतोय. पाठीवर हात ठेवला की दोन्ही सारखंच लागतं.

शंख वाजला.

मी उडी मारली नाही. मान मागे वळवून बघितलं. बाबांकडे नाही, वेदीखाली. योवानी तिथे उकिडवा बसला होता, घोट्याला वेल, गळा फुगवून जीव तोडून ओरडत होता, व्वो, व्वो. मी बघतेय हे त्याला दिसलं तसा तो हसला, आणि त्याच्या दातांमधली ती फट दिसली. आणि तिच्यातलं ते पांढरं टोक.

मग मला ते सगळं एकदम दिसलं, आणि दिसल्यावर पुन्हा न दिसल्यासारखं करता येईना. विहिरीच्या काठावर बांधलेली मुलं होती. खरी गोष्ट तिथेच होती, दोन वर्षं, भर दुपारी, सगळ्यांच्या समोर. आणि आम्ही तिच्यापुढे मला उभं केलं होतं, फुलं माळून.

“बाबा, हात काढा,” मी म्हणाले.

“काय?”

“हात काढा माझ्या पाठीवरून.”

ढोल थांबला. बाबांनी मुखवटा वर केला. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मी त्यांना मारलं. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे मी जे बोलले ते दोनदा ऐकू गेलं. बेडूक तेवढे अजून ओरडत होते, त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

“मी मारू का उडी?” आराली मागून म्हणाली. “मला सगळं पाठ आहे.”

मी वेदीखाली वाकले, योवानीच्या पायाची वेल सोडायला गेले, गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडली, आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन आले. तो वाटेत रडत होता. “मी चुकलो का? माझं ओरडणं चुकलं का?”

“नाही रे. तुझं सगळ्यांत चांगलं होतं.”

“मग?”

मी त्याचा हात आणखी घट्ट धरला आणि चालत राहिले.

आई अंगणात मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. मी पाण्याचा घोट घ्यायला वळले तशी ती म्हणाली, “पाठीला काय लागलंय?”

“काय?”

“पांढरं. हाताचा पंजा आहे.” तिने हसत माझा शर्ट पुढे ओढून दाखवला. निळ्या शर्टवर पिठाचा पंजा, पाचही बोटं स्वच्छ. “बापाने शिक्का मारलाय तुझ्यावर.”

मी आधी कधी उभ्या उभ्या रडले नव्हते, तेव्हा रडले. आई भाकरी तव्यावर तशीच सोडून उठली. मी सगळं सांगितलं, जबडा, दात, सख्खे भाऊ, रस्ता, वेदी. ती ऐकत राहिली. मधे भाकरी जळल्याचा वास आला तरी तिने उलटली नाही.

“सहा वर्षांचे?” शेवटी तिने विचारलं.

“बरेचसे.”

ती दारातून आत फोटोकडे बघत होती, देवाशेजारच्या. “मी उडी मारली तेव्हा माझा बाप पुजारी होता,” ती म्हणाली. “त्याने कधीच ढकललं नसतं. पण हात ठेवल्यावर मला वाटलं, ढकलायच्या आत मीच मारावी. तेव्हा सगळे म्हणाले, काय धीट पोर आहे.” मग तिने योवानीला जवळ ओढून त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि त्याला तिथून हलू दिलं नाही.

बाबा आले ते मुखवटा बगलेत मारून. नेहमीसारखं हॅमॉकच्या झोळीत न बसता अंगणाच्या दारातच उभे राहिले. “सगळ्या गावासमोर, सेल्मी,” ते म्हणाले. “मी तुला काय केलं असतं?”

“काही नाही.”

“मग?”

“तेच, बाबा. त्या पोरांच्या बापांनाही कुणी विचारलं असतं तर ते हेच म्हणाले असते.”

मग त्यांनाही पुन्हा सगळं सांगावं लागलं. या वेळी रडले नाही. सांगत सांगत सख्ख्या भावांपाशी आले तेव्हा बाबा खाली बसले. पिठाचे हात पँटला पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले.

“मळ्यातला विधी तसा नाही,” ते म्हणाले. “आपण पोरांना कधी...”

“मळ्यातल्याबद्दल मी बोलतच नाही. तिथे पोरांना सोडतात. त्यांची वाट बघत पेज ठेवलेली असते. तिथे कुणी त्यांना विसरत नाही. इथे उडी झाली की टाळ्या वाजतात आणि बेडूक आपापली वेल सोडून घरी जातात.”

“मी नुसते पाहुणे उठू नयेत म्हणून आणले होते,” बाबा म्हणाले. हळू आवाजात, मला नव्हे, त्या मुखवट्याला सांगावं तसं. “दोन वर्षं. माझ्या लक्षात नाही आलं.”

“कुणाच्याच नाही आलं,” आई म्हणाली. “मी समोर बसून टाळ्या वाजवल्यात.”

“बंद करू म्हणतेस का?” बाबांनी मला विचारलं. “बसा येणार आहेत. आणि तू नाही मारलीस तर आराली मारणार, तिने सांगूनच टाकलंय. तिच्या बापालाही हौस आहे पुजारी व्हायची.”

हे मलाही येताना कळलं होतं. मी नाही म्हटलं तर फार तर झग्याचं माप बदलेल. आराली उभी राहील, शंख वाजेल, आणि वेदीखाली चार मुलं ओरडत राहतील. आत्तापर्यंत मला वाटत होतं की मला सगळं जमतं म्हणजे उडी मारणं जमतं. न मारणं त्याहून कठीण निघालं, आणि तेवढ्याने भागतही नव्हतं.

योवानी आईच्या हनुवटीखालून म्हणाला, “मग मी बेडूक आहे का नाही?”

तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. आणि मला एकदम सुचलं.

“आहेस,” मी म्हणाले. “बाबा, ऐका. आई, तूही. तो झगा आरालीच्या मापाचा कर, तिला उडी मारू दे. मी राजकन्या होणार नाही. मी बेडूक होणार. मुलगी बेडूक होत नाही हे मळ्यात, इथे नाही. मी वेदीखाली योवानीच्या शेजारी बसणार, पायाला वेल बांधून, आणि आराली पाण्यात गेली, टाळ्या वाजल्या, तरी मी ओरडायची थांबणार नाही. सगळे वळून खाली बघेपर्यंत. आणि बाबा, तेव्हा तुम्ही मुखवटा काढायचा, वेदीखाली यायचं, आणि आम्हा पाचही जणांच्या वेली सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने सोडायच्या.”